अधिक-उणे

पहाटेच्या एसटीनं हुपरीहून निघाले, उपाशी.
पाणी चालतं म्हणाल्या होत्या आशाताई,
तरी घोटभरच प्याले.
उपवास काही आमच्यात नवा नाही,
पण हा सुटतो तो सुईनं.

सीपीआरच्या खिडकीत नाव सांगितलं:
त्रिशला शीतल मगदूम.
लिहून घेणारा पोरगा नांदेडकडचा.
"शीतल कोण? बहीण का?"
"मालक माझे."
मागं रांगेत बायका फिसकन हसल्या.
असतात बाबा आमच्याकडं शीतल नावाचे गडी,
मिशा राखणारे,
आणि डोक्यानं तापट.

पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ओतलं सिस्टरनी.
मी म्हटलं, "पुडीत चारेक ग्रॅम राहिलं की अजून."
"काटा आणलाय का घरनं?"
पुडी झटकली, कोपऱ्यातलं पडलं.
सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, मी ग्लासाकडं.

सतरा वर्षं पैंजणाच्या कड्या झाळते.
शेठ तोलून चांदी देतो, तोलून पैंजण घेतो,
मधली घट कुठं गेली
ते मला सांगावं लागतं.

तीनदा टोचलं. मधल्या दोन तासांत
बाकावरची एक उचगावची, एक कागलची,
दोघींच्या सासवांचं सगळं ऐकून झालं.
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन.
म्हणजे टंच कमी.
आमच्याकडंही असंच,
कणभर खरवडून घेतात
आणि सगळ्या लगडीचा भाव सांगतात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मान वर न करता लिहीत होत्या.
"काम काय करता?"
"चांदीचं. झाळकाम."
"डाखात काय काय असतं?"
सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं मला.
"शेठ देतो ते."
पेन थांबलं.
"आणि पहिल्या खेपेला?"
"चौथ्यात गेलं."
"तेव्हाही हेच काम?"
"हेच."

म्हणाल्या, त्याचंच कारण हे, असं मी म्हणत नाही.
पण आता धुराजवळ बसायचं नाही.

ती घट मी कुणाच्याच खात्यावर लिहिली नव्हती.
सासूनं माझ्या नावावर लिहिली होती, पेन्सिलीनं,
पुसता येईल अशी,
पण पुसली नव्हती.

सोनोग्राफीच्या दारावर पाटी,
आत कागद:
मुलगा की मुलगी, मला जाणून घ्यायचं नाही.
सही केली. खरंच नव्हतं घ्यायचं.
मला दुसरंच विचारायचं होतं,
ते विचारायच्या आधीच ठक ठक ठक ऐकू आलं,
बारीक हातोडीनं पत्रा ठोकतात तसं,
न थांबता.

पडद्यावर सगळा राखाडी रवा सांडलेला.
त्यात एक टाच.

अहवालात शेवटून तिसऱ्या ओळीत
अंदाजे वजन सहाशे चाळीस ग्रॅम,
अधिक-उणे चौऱ्याण्णव.
चौऱ्याण्णव!
एवढ्यात नवरीचा एक जोड होतो.
एवढा फरक मी दाखवला असता
तर शेठनं दारात उभं केलं नसतं.
इथं त्यावर शिक्का मारतात, सही करतात,
आणि म्हणतात, छान वाढतंय.

साखरेचा अहवाल उद्या.
यांचा फोन आला, काय म्हणाले?
छान वाढतंय, म्हटलं.
धुराचं घरी गेल्यावर बोलू.
महिन्याचे सहा हजार जातील,
फोनवर सांगण्यासारखं नाही ते.

स्टँडाबाहेर शेंगावाला.
"सहाशे चाळीस ग्रॅम द्या."
"अर्धा घ्या वैनी, न्हाईतर किलो घ्या."
"सहाशे चाळीस."
त्यानं वजनं जुळवली, पुटपुटत,
मापटं दोनदा कमी केलं,
मग माझ्या पोटाकडं बघितलं
आणि पिशवीत वरून एक मूठ टाकली.
"असू दे, असू दे."

हुपरीपर्यंत पिशवी मांडीवर.
बोटं सांगत होती, मूठ पन्नासची.
मी नको म्हटलं नाही.